सावित्री नदी आणि बाणकोटची खाडी एकच आहे का?

होय, प्रवाह एकच आहे. फक्त नावे दोन आहेत. महाबळेश्वरच्या पंचगंगा मंदिरात कृष्णा, कोयना, वेण्णा आणि गायत्री यांच्यासोबत जिचा उगम मानला जातो, ती सावित्री सह्याद्रीचा कडा उतरून पोलादपूर आणि महाड ओलांडत पश्चिमेला अरबी समुद्राकडे जाते, तर कृष्णा पूर्वेकडे वळून थेट बंगालच्या उपसागराला मिळते; एकाच डोंगराच्या पाण्याला दोन समुद्र लाभावेत, याचे मला आजही नवल वाटते.

नाव ब्रह्मदेवाची पत्नी सावित्री हिच्यावरून पडले, अशी कथा आहे. महाडजवळ गांधारी आणि काळ या नद्या तिला मिळतात.

खाली मात्र भरतीचे खारे पाणी आत शिरते आणि जिथे ते पोहोचते तिथे कोकणी माणूस नदी न म्हणता खाडी म्हणतो, शिवाय खाडीला मुखाजवळच्या बंदराचे नाव देतो. वाशिष्ठीची दाभोळ खाडी झाली ती याच रीतीने. बागमांडल्याहून वेश्वीला जाणाऱ्या फेरीबोटीत उभे राहिले, की गढूळ, संथ पाण्याच्या एका काठावर रायगड जिल्हा आणि दुसऱ्या काठावर रत्नागिरी जिल्हा दिसतो. पुढे मुखाशी दक्षिणेला बाणकोटचा किल्ला आहे, ज्याला इंग्रजांनी फोर्ट व्हिक्टोरिया म्हटले, आणि उत्तरेला हरिहरेश्वर. म्हणून महाडमध्ये सावित्री म्हणणारा आणि वेश्वीत बाणकोटची खाडी म्हणणारा, दोघेही बरोबर आहेत.