बँकेचा फोन उचल

लेकरा, बँकेचा फोन आला की तू मोबाईल उशाखाली सारतोस, मला ठाऊक आहे. २०१५ च्या दुष्काळात मीही नोटीस न फोडताच कणगीमागं खोचली होती. झोप उडवली ती त्या न वाचलेल्या कागदानं. आकडा मनातच वाढत गेला. शेवटी सातबारा घेऊन शाखेत गेलो. पाय लटपटत होते. समोर बसल्यावर कळलं, आणेवारी, म्हणजे गावात पीक किती आलं याचा सरकारी अंदाज, ५० पैशांच्या आत आली की पीककर्जाचं पुनर्गठन, म्हणजे फेडीची मुदत वाढवून हप्ते नव्यानं बांधणं, मागता येतं. आठ महिने उगाच जळालो रे! तू उद्या सकाळीच जा, गर्दीच्या आधी. एकटा नको, मला हाक मार. अन् रात्री धडधड थांबेनाच, तर टेलिमानस या मनाच्या त्रासासाठीच्या सरकारी हेल्पलाइनच्या १४४१६ ला फोन लाव. मराठीत बोलतात, पैसे लागत नाहीत.