एझेड ९१ डीच्या ओतीव वस्तूवर मशिनिंग केलेली बाजूच आधी का गंजते?

एझेड ९१ डी या मॅग्नेशियम मिश्रधातूची डाय कास्ट (पोलादी साच्यात दाबाने ओतलेली) झाकणे सॉल्ट स्प्रे चाचणीत (मिठाच्या पाण्याच्या फवाऱ्यात) ठेवली असता जशीच्या तशी ओतीव बाजू बरीच टिकते आणि मशिनिंग केलेल्या बाजूवर मात्र खड्डे पडतात, धातू एकच असताना असे का, हा आपला प्रश्न आहे. रासायनिक घटक सर्वत्र सारखे असले तरी झाकणाची त्वचा आणि गाभा यांची सूक्ष्मरचना सारखी नसते, हे त्याचे मुख्य कारण.

या मिश्रधातूत सुमारे ९ टक्के ॲल्युमिनियम आणि १ टक्क्याच्या आत जस्त असते. ४३७ अंश सेल्सिअसला घन मॅग्नेशियममध्ये १२.७ टक्क्यांपर्यंत ॲल्युमिनियम विरघळू शकते, त्यामुळे अगदी सावकाश थंड केल्यास हा द्रव एकाच प्रावस्थेत (सर्वत्र एकाच प्रकारच्या घन रचनेत) गोठायला हवा. पण प्रत्यक्ष ओतकामात तेवढा वेळ कधीच मिळत नाही. अल्फा कणांचा, म्हणजे ॲल्युमिनियम विरघळलेल्या मॅग्नेशियमच्या स्फटिकांचा, मध्य ॲल्युमिनियमच्या बाबतीत गरीब राहतो, कडांकडे त्याचे प्रमाण वाढत जाते आणि शेवटी उरलेल्या द्रवातून कणांच्या सीमांवर बीटा प्रावस्था तयार होते, जिच्यात १७ मॅग्नेशियम अणूंमागे १२ ॲल्युमिनियम अणू असतात.

ही बीटा प्रावस्था दुहेरी वागते. ती अल्फापेक्षा कमी क्रियाशील असल्याने शेजारच्या अल्फासाठी कॅथोड ठरते (स्वतः न गंजता त्याला गंजवते) आणि ती विखुरलेल्या बेटांसारखी असेल तर क्षरण वाढवते; पण कण बारीक असून बीटाचे जाळे जवळजवळ सलग असेल, तर एका कणातले क्षरण कुंपणाशी येऊन अडावे तसे त्या जाळ्यापाशी थांबते. साच्याच्या पोलादी भिंतीला टेकलेली त्वचा झपाट्याने गोठते, म्हणून तिथे दुसरी स्थिती मिळते. आतला भाग त्यामानाने सावकाश गोठतो, तिथे कण मोठे, जाळे तुटक आणि सच्छिद्रता जास्त असते. मशिनिंगमध्ये आपण नेमकी ती चांगली त्वचा काढून टाकतो.

तरीही सूक्ष्मरचनेला दोष देण्याआधी लोह, निकेल आणि तांबे यांचे विश्लेषण करून घ्यावे, असे माझे मत आहे, कारण ही अपद्रव्ये मर्यादेबाहेर गेली की त्वचा कितीही चांगली असली तरी फारसा उपयोग होत नाही. १९४२ मध्ये डाऊ केमिकलमधील हॅनावॉल्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की शुद्ध मॅग्नेशियममध्ये लोहाचे प्रमाण ०.०१७ टक्क्यांच्या पुढे गेल्यावर मिठाच्या पाण्यातील क्षरणाचा वेग एकदम उसळतो. एझेड ९१ डीसाठी आज लोह ०.००५, निकेल ०.००२ आणि तांबे ०.०३० टक्क्यांच्या आत ठेवतात. घन मॅग्नेशियममध्ये लोह जवळजवळ विरघळत नाही. त्याचे सूक्ष्म कण वेगळे राहतात आणि त्यांच्यावर हायड्रोजन सहज सुटतो, म्हणजे तेही कॅथोड बनून भोवतालचे मॅग्नेशियम गंजवतात. मँगेनीज मिसळतात ते याच लोहाला बांधून ठेवण्यासाठी, म्हणून लोहाचे मँगेनीजशी गुणोत्तर ०.०३२ च्या आत असावे लागते. वितळवण्याची मूस पोलादी असल्याने द्रव गरजेपेक्षा जास्त तापवला की लोह चढते. निकेलयुक्त स्टेनलेस पोलादाची मूस तर वापरूच नये.

आपण झाकणांवर पोलादी छऱ्यांचे शॉट ब्लास्टिंग करत असाल, तर लोहाचे कण पृष्ठभागात रुतून बसतात आणि मूळ धातू निर्दोष असूनही चाचणी फसते. अशा वेळी सौम्य आम्लात पृष्ठभाग थोडा झिजवून घेतल्यास फरक लगेच दिसतो. मशिनिंग टाळता येण्यासारखे नसेल, तर ती बाजू ॲनोडाइज करून (विजेच्या साहाय्याने संरक्षक ऑक्साइडचा थर देऊन) वर रंग किंवा सीलर लावावा. उष्णोपचाराने हा प्रश्न सुटेल असे मात्र धरू नये: सुमारे ४१३ अंशांवरच्या द्रावण उपचारात बीटा विरघळते, म्हणजे कॅथोडबरोबर अडथळाही जातो, शिवाय डाय कास्ट वस्तूत अडकलेल्या वायूमुळे पृष्ठभागावर फोड येतात. झाकण पोलादी बोल्टने बसवले जात असेल, तर मधे ६००० मालिकेतील ॲल्युमिनियमचा वॉशर घाला आणि सांध्यात खारे पाणी साचणार नाही असा उतार ठेवा.