सांगलीत फर्मवेअरसाठी (यंत्रातल्या चिपमध्ये चालणारा प्रोग्रॅम) मुलं घ्यायची आहेत. सी भाषेची खोल जाण कशी तपासावी?

‘आउटपुट काय येईल?’ हे विचारणं सोडा. दहा-बारा ओळींचा बिघडलेला कोड समोर ठेवा आणि तो का बिघडतो ते बोलून दाखवायला सांगा. कुपवाड एमआयडीसीत आम्ही कंट्रोलर बोर्डांचं काम करतो, तिथल्या मुलाखतींत हेच उपयोगी पडतं. पाठांतरवाली मुलं ‘आय इज इक्वल टू आय प्लस प्लस’चं (i = i++) उत्तर आकड्यात देतात, खरं तर सी स्टँडर्डनुसार ते अनडिफाइन्ड आहे, म्हणजे ठरलेलं उत्तरच नाही. माझा आवडता प्रश्न: उणे 1 हा साधा इंट (पूर्णांक) आणि 1 हा अनसाइन्ड इंट (ज्यात उणे आकडे बसत नाहीत), मोठा कोण? उणे 1! तुलनेआधी तो अनसाइन्ड होतो आणि 32 बिटी इंटमध्ये 4294967295 बनतो. सेन्सरचं रीडिंग शून्याखाली गेलं की हीच चूक नडते. याशिवाय:

- फंक्शनला दिलेल्या अ‍ॅरेचा साईझऑफ (म्हणजे मेमरीतला आकार; इथे अख्ख्या यादीचा नाही, पॉइंटरचा म्हणजे पत्त्याचा आकार मिळतो)
- इंटरप्ट (चालू काम मध्येच थांबवणारा हार्डवेअरचा इशारा) आणि व्होलाटाइल (किंमत अचानक बदलू शकते, दरवेळी मेमरीतून वाच, ही कंपायलरला सूचना)

मात्र आधी मशीन सांगा. एव्हीआर या 8 बिटी चिपवर इंट सहसा 16 बिटांचा असतो, तिथे तोच आकडा 65535 होतो. हे उमेदवारानेच आधी विचारलं तर त्याला नक्की घ्या.