साक्षांकन नमुन्यातील ‘कधी’

तलाठी पदावर तुमची निवड झाली आहे. २०१८ मध्ये बांधाच्या वादातून भावकीत हाणामारी झाली तेव्हा भारतीय दंड संहितेच्या कलम ३२४ (घातक हत्याराने दुखापत), ३२३ (साधी दुखापत) व ५०४ (शांतताभंगाला चिथावणारा अपमान) खाली तुमच्यावर गुन्हा दाखल झाला, साक्षीदार फितूर झाल्याने २०२१ मध्ये निर्दोष मुक्तता झाली, आणि ‘केस केव्हाच संपली’ या समजुतीने तुम्ही साक्षांकन नमुन्यात, म्हणजे नियुक्तीपूर्वी स्वतःविषयीची माहिती भरून द्यायच्या कागदात, गुन्ह्याच्या रकान्यापुढे ‘नाही’ असे लिहून दिलेत. आता निवड रद्द होईल काय, हा तुमचा प्रश्न. अशी पत्रे मला प्रत्येक भरतीनंतर येतात, आणि बहुतेकांप्रमाणे तुम्हीही निकालपत्राविषयी दोन पाने लिहून ज्या कागदावर सही केली त्याविषयी एकच ओळ लिहिली आहे.

तो कागद आधी काढून वाचा. रकान्यात ‘गुन्हा प्रलंबित आहे काय’ असे विचारले असेल, तर तुमचे उत्तर खरे आहे आणि घाबरण्याचे कारण नाही. ‘कधी दाखल झाला होता काय’ असे असेल, तर ते खोटे आहे, मग निकाल काहीही लागलेला असो. माहिती लपवल्यास उमेदवार अपात्र ठरेल, हा इशारा नमुन्याच्या सुरुवातीलाच छापलेला असतो. तो न वाचता सही करण्याची घाई कशासाठी होती, हे मला समजलेले नाही.

नोकरीसाठी गुन्ह्याची माहिती लपवण्याविषयीच्या अवतार सिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या पीठाने २१ जुलै २०१६ रोजी स्पष्ट केले की, जे नेमके विचारलेलेच नाही ते न सांगितल्याचा ठपका उमेदवारावर ठेवता येत नाही, आणि गुन्हा क्षुल्लक असल्यास नियुक्ती प्राधिकारी लपवणुकीकडेही दुर्लक्ष करू शकतो. ‘करू शकतो’ एवढेच. केलेच पाहिजे असे नाही. शिवाय माहिती खरी दिली तरी पूर्वचारित्र्य तपासण्याचा त्याचा अधिकार कायम राहतो, आणि साक्षीदार फितूर झाल्यामुळे मिळालेली मुक्तता तो सन्मानपूर्वक, म्हणजे आरोपच निराधार ठरल्याने झालेली, मानेलच, याची हमी मी देणार नाही. कलम ३२४ तो क्षुल्लक मानेल की नाही, हेही जखमेच्या दाखल्यावर अवलंबून राहील.

म्हणून उत्तर चुकले असल्यास पोलीस ठाण्याचा चारित्र्य पडताळणी अहवाल जिल्हाधिकारी कार्यालयात पोहोचण्यापूर्वी तुमचा दुरुस्तीचा अर्ज तेथे पोहोचला पाहिजे. त्यासोबत दोषारोपपत्राची व निकालाची प्रमाणित प्रत जोडा. नकलेसाठी आजच अर्ज करा, कारण नक्कल विभाग तुमच्या रुजू होण्याच्या तारखेकडे पाहून काम करत नाही. प्रत मिळेपर्यंत मात्र अर्ज अडवून ठेवू नका, ती मागाहून सादर करता येईल. आवक क्रमांकासह पोच घ्या. त्यानंतरही निवड रद्द झाल्यास राज्य सरकारी नोकरीचे वाद ऐकणाऱ्या महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणात आदेशापासून एक वर्षाच्या आत जावे लागेल, आणि तेथे सर्वांत आधी त्या पोचेवरील तारीखच पाहिली जाईल.