दोन्ही कीबोर्ड डोक्याच्या मधोमध

प्रश्न : ताई, मी साताऱ्याचा. मराठी-हिंदी गाण्यांच्या ऑर्केस्ट्रात अकरा वर्षं कीबोर्ड वाजवतोय. यंदा आम्ही सगळ्यांनी इन-इअर, म्हणजे कानात घालायचे मॉनिटर, घेतले. स्टेजवरच्या मॉनिटर स्पीकरचा गोंगाट गेला, पण आता सगळी वाद्यं डोक्याच्या मधोमध येऊन बसतात. आमच्यात दोन कीबोर्ड आहेत. पियानो आणि स्ट्रिंग्ज माझ्याकडे, बासरी आणि ब्रास दुसऱ्याकडे. माझंच मला ऐकू येत नाही म्हणून आवाज वाढवतो, आणि घरी गेल्यावरही कान वाजत राहतात. एका साऊंडवाल्यांनी दोन्ही कीबोर्ड पूर्ण लेफ्ट-राइट करून दिले, तर कोण काय वाजवतंय तेच कळेना. एक कान काढला की बरं वाटतं. तसं वाजवलं तर चालेल का? की महागडे इअरफोन घ्यावेत?

उत्तर : एक कान काढू नका. हे आधी सांगते, कारण मिक्स (वाद्यांच्या आवाजांची जुळणी) पुन्हा करता येतो, गेलेला कान परत येत नाही. तोच आवाज दोन्ही कानांना मिळाला तर एका कानापेक्षा मोठा वाटतो. एक काढलात की उरलेल्या कानात तुम्ही आवाज चढवणार, आणि उघड्या कानावर ड्रम आणि पीए (प्रेक्षकांसाठीचे मोठे स्पीकर) आदळत राहणार. अमेरिकेतली निऑश ही संस्था ८५ डेसिबलला दिवसाचे आठ तास अशी मर्यादा सांगते, आणि दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. ८८ ला चार तास, ९१ ला दोन, ९४ ला एकच. तुमचा कार्यक्रम तीन तासांचा, त्यात आधीचं साऊंड चेक. कान वाजतात म्हणताय, तर या आठवड्यात कानाच्या डॉक्टरांकडे जाऊन ऑडिओमेट्री (श्रवणचाचणी) करून घ्या.

आता मूळ दुखणं. तुम्हाला आवाज कमी पडत नाहीये, जागा कमी पडतेय. १९५३ साली कॉलिन चेरी यांनी एक प्रयोग केला होता. दोन बोलणी एकत्र करून ऐकवली तर ती वेगळी काढताना लोकांची दमछाक व्हायची. एक डाव्या कानात आणि एक उजव्या कानात दिली की हवं ते बोलणं सहज पकडता यायचं. तुमच्या स्ट्रिंग्ज आणि समोरच्याचा ब्रास सुरांच्या एकाच टप्प्यात, एकाच जागी वाजत असतील, तर फेडर (आवाजाची सरकपट्टी) कितीही चढवा, दोन्ही एकमेकांना झाकणारच.

मग पूर्ण लेफ्ट-राइट केल्यावर का बिघडलं? कारण दोन्ही कीबोर्ड स्टिरिओ. प्रत्येकाची एक बाजू डावीकडे आणि एक उजवीकडे गेली, दोन्ही तेवढेच पसरले, म्हणजे पुन्हा एकमेकांवरच बसले. शिवाय स्पीकरवर ऐकताना डावीकडचा आवाज थोडा उजव्या कानातही जातो. इन-इअरमध्ये तो जातच नाही. टोकाला नेलेलं वाद्य कानाच्या आतच कुणी वाजवतंय असं वाटतं, आणि अर्ध्या तासात माणूस थकतो.

पॅनचा नॉब, म्हणजे आवाज डावीकडे-उजवीकडे सरकवणारा, घड्याळासारखा धरा, मधोमध म्हणजे बारा. तुमच्या मिक्समध्ये तुमचा पियानो अकरा ते एक एवढाच पसरा. दुसरा कीबोर्ड तुमच्या उजवीकडे उभा असेल तर त्याची जोडी दोन आणि तीनच्या मध्ये आवळून ठेवा. गिटार डावीकडे नऊ-दहाच्या आसपास. बेस, किक (ड्रममधला पायाने वाजवायचा ढोल) आणि गायक दोन्ही कानांत हवेत. गायक पियानोखाली दबत असेल तर त्याला जरासा साडेअकराकडे सरकवा. क्लिक (ताल धरायची टिक-टिक) मी तीनच्या आसपास ठेवते. तिथे तो अगदी हळू असला तरी ऐकू येतो. पण कुठलंही महत्त्वाचं वाद्य एकाच कानात कोंडू नका. ऐन गाण्यात एक इअरफोन निसटला तर क्लिकच गायब होईल. ढोलकीला दोन माइक असले तरी शाई आणि धुम दोन टोकांना नेऊ नका. वाद्य हातभर लांबीचं आहे, कानातही तेवढंच राहू द्या.

हे करताना एक खोड लक्षात ठेवा. बऱ्याच मिक्सरवर जोडी केलेल्या चॅनेलचं पॅन हे खरं तर बॅलन्स असतं. ते डावीकडे फिरवलं की उजवा चॅनेल सरकत नाही, बारीक होतो. गेल्या वर्षी ठाण्यात एका तालमीत एक कीबोर्डवाला मला सांगत होता, "ताई, वरचे सूरच येत नाहीत." त्याने निवडलेल्या पॅचमध्ये (कीबोर्डमधल्या तयार आवाजात) पियानोचे वरचे सूर उजव्या बाजूला होते, आणि तीच बाजू बॅलन्सने खाल्ली होती. जोडी सोडवून दोन्ही बाजू वेगवेगळ्या पॅन केल्या. त्याने दोन कडवी वाजवली आणि मी काही न सांगताच त्याने कमरेच्या पॅकचा (इन-इअरच्या रिसीव्हरचा) आवाज स्वतःच खाली केला. मला त्या दिवशी फार बरं वाटलं.

तारही बघून घ्या. कीबोर्डच्या मागे एल/मोनो आणि आर अशा दोन जागा असतात. एल/मोनोला एकच केबल लावली तर आतला स्टिरिओ एकत्र होऊनच बाहेर येतो. दोन केबल आणि दोन डीआय (कीबोर्ड मिक्सरला जोडायचे डबे) मागा. मिळालेच नाहीत तर तो एक चॅनेल बाजूला सरकवा, तेवढ्यानेही फरक पडतो. स्टिरिओ मिक्सला दोन बस (मिक्सरमधून मिक्स बाहेर जायच्या वाटा) लागतात. सोळा बसच्या मिक्सरवर आठच जणांना तो मिळेल, तेव्हा दोन्ही कीबोर्ड आणि रिदमवाल्यांना आधी द्या. तुमचा पॅक मोनोवर नाही ना, तेही पाहा. शूरच्या पॅकवर मिक्समोड आणि सेनहायझरच्या पॅकवर फोकस असतो. तो चालू असेल तर तुमचं डावं-उजवं दोन वेगळे मिक्स समजून एकत्र केलं जातं आणि पॅनचा सगळा खटाटोप फुकट जातो.

आणि डावं-उजवं तुमच्या जागेवरून ठरवा. सुरुवातीच्या काळात मी हॉलच्या मिक्सचं पॅन तसंच कलाकारांच्या कानात पाठवलं होतं. प्रेक्षकांची डावी म्हणजे रंगमंचाची उजवी. आमचा गिटारवाला कानात डावीकडून इशारा ऐकायचा, मान तिकडे वळवायचा, आणि तिथे कुणीच नसायचं. प्रेक्षकांचा आवाज घेण्यासाठी लावलेल्या दोन माइकांचंही तेच. टाळ्या चुकीच्या बाजूने आल्या की सगळं परकं वाटतं. एक कान काढायची ओढ बहुतेकदा प्रेक्षक ऐकू येत नाहीत म्हणूनच असते, तेव्हा हे दोन माइक नक्की मागा.

महागडे इअरफोन आत्ता नकोत. आधी टिप्स (कानात बसणारी टोकं) बदलून बघा, फोमच्या घ्या. एका बाजूची टिप सैल बसली की त्या कानातला बेस गळतो, सगळा मिक्स दुसरीकडे कलतो, आणि आपण पॅन दुरुस्त करत बसतो. एक ओळखीचं गाणं लावा, आवाज मधोमध येतो का ते ऐका, मगच नॉबला हात लावा.