वाचक विचारतात: घरी बनवलेलं ओव्हरड्राइव्ह पेडल

प्रश्न: नमस्कार भाऊ, मी वडसाकडचा, झाडीपट्टीच्या नाटकात गिटार वाजवतो. इबानेझच्या टीएस ८०८ ट्यूब स्क्रीमरचं सर्किट पाहून घरीच ओव्हरड्राइव्ह पेडल (गिटारचा आवाज फाडणारं, पायानं दाबायचं यंत्र) बनवलो. चालते चांगलं, पण दाबलं की आवाज नाकातून आल्यासारखा होते आणि जाड तारांचा दमच निघून जाते. कोणता पार्ट चुकला असेल? अन् मॉड म्हणजे सर्किटात बदल करायचं तर कुठून सुरू करू?

उत्तर: भाऊ, तुमचा एकही पार्ट चुकलेला नाही, ते पेडल मुळात असंच वाजतं. आयसीच्या, म्हणजे आवाज वाढवणाऱ्या चिपच्या, ज्या इनपुट पिनवर दोन्ही डायोड येऊन मिळतात त्याच पिनवरून ४.७ के (किलो-ओहम) चा रेझिस्टन्स निघतो आणि पुढे ०.०४७ मायक्रोफॅरडचा कंडेन्सर लागून ग्राउंडला जातो, सगळा खेळ या जोडीचा आहे. ड्राइव्हचं, म्हणजे आवाज फाडण्याचं बटण फुल केलं की सिग्नल जवळपास ११८ पट वाढतो, पण ही पूर्ण वाढ ७२० हर्ट्झच्या वरच्याच आवाजाला मिळते. तुमची सहावी तार मोकळी वाजते ८२ हर्ट्झवर, तिच्या वाट्याला त्यातला जेमतेम नववा हिस्सा येतो. पुढे टोनचा भाग वरची किरकिर कापतो, म्हणजे उरलं काय तर मधला आवाज, तोच तुम्हाला नाकातला वाटतो.

आता हा कंडेन्सर काढून ०.१ चा टाकला तर ती ७२० ची रेषा ३४० च्या आसपास खाली येते आणि सहाव्या तारेला चौथा हिस्सा मिळायला लागतो, आवाज लगेच भरतो. दुकानात मागताना अंगावरचा नंबर सांगा, ०.०४७ म्हणजे ४७३ आणि ०.१ म्हणजे १०४, तालुक्याच्या रेडिओ-टीव्ही मेकॅनिककडेही हे दोन्ही पडलेले असतात. ०.२२ चा म्हणजे २२४ टाकायचा मोह होईल, पण माझं ऐका, नका टाकू, ड्राइव्ह वाढवला की पूर्ण कॉर्डचा चिखल होतो.

पण खरं सांगू का, तुमच्यासाठी मी मूळचा ४७३ काढणारच नाही. रात्रभराचं नाटक, खाली ढोलकी, कीबोर्डवाल्याचा डावा हात, वर गायक, त्या गर्दीत गिटार ऐकू येते ती याच मधल्या आवाजामुळे. अमेरिकेचा ब्लूज गिटारवाला स्टीव्ही रे वॉनसारखा माणूस फेंडर अ‍ॅम्पसमोर हेच पेडल ठेवायचा, त्या अ‍ॅम्पमध्ये मिड म्हणजे मधला आवाज कमी असतो आणि पेडल नेमकं तेच भरून काढतं. घरी एकट्याने वाजवताना आवाज बारीक वाटतो म्हणून स्टेजवर तो वाईटच असेल असं नाही. म्हणून स्विच लावा. मूळ ४७३ ला समांतर अजून एक ४७३ एका छोट्या टॉगल स्विचमधून जोडा, समांतर कंडेन्सरची बेरीज होते, म्हणजे स्विच ऑन केला की जवळपास ०.१ झाला, ऑफ केला की मूळ पेडल. स्विचच्या दोन्ही पायांवर १ मेगचा रेझिस्टन्स आडवा टाकायला मात्र विसरू नका. त्या पिनवर साडेचार व्होल्ट डीसी असतो, बाहेर लटकलेला कंडेन्सर रिकामा राहिला की स्विच दाबताना पूर्ण पेंडॉलला ऐकू जाईल असा ठप्प आवाज येतो, रेझिस्टन्समुळे तो आधीच भरलेला राहतो.

हे झाल्यावरच डायोडकडे या, एका वेळी एकच बदल करा म्हणजे कशाने काय झालं ते कानाला कळतं. मूळच्या ४१४८ डायोडच्या जागी दोन लाल एलईडी उलटसुलट टाकले तर क्लिपिंग, म्हणजे सिग्नलचा माथा कापला जाऊन आवाज फाटणं, ०.६ ऐवजी पावणेदोन व्होल्टच्या आसपास सुरू होते, आवाज मोठा आणि मोकळा होतो पण ड्राइव्ह जास्त फिरवावा लागतो. एका बाजूला दोन आणि दुसऱ्या बाजूला एक ४१४८ ही बॉसच्या एसडी १ ची पद्धत, मला स्वतःला नाटकाच्या गाण्यांसाठी हीच आवडते, तार हळू छेडली की आवाज साफ राहतो आणि जोरात मारली की फाटतो.

प्रश्न: दादा, माझं पेडल बॅटरीवर एकदम शांत आहे, अडॅप्टर लावला की घूंऽऽ करते. गावात लाइटचा काही भरवसा नाही, बॅटरी किती घेत राहू? (आर्वी तालुका, वर्धा)

उत्तर: बॅटरीवर शांत आहे म्हणजे सर्किट बरोबर आहे, घाण बाहेरून येते आहे. अडॅप्टरचा प्लस आणि बोर्ड यांच्यामध्ये १०० ओहमचा रेझिस्टन्स टाका आणि त्याच्यापुढे प्लस ते ग्राउंड १०० मायक्रोफॅरड २५ व्होल्टचा कंडेन्सर, बराच फरक पडेल. प्लग तपासा, पेडलमध्ये आतली पिन मायनस असते आणि साधे अडॅप्टर बरेचदा उलटे असतात. डबा प्लास्टिकचा असेल तर आधी तो बदला. भिंतीतल्या स्विचबोर्डसाठी जो जीआयचा बॉक्स मिळतो तो पायाखाली टिकतो, वर पत्र्याची प्लेट कसा आणि डबा ग्राउंडला जोडा. तारांना हात लावला की आवाज कमी होत असेल तर घरातली अर्थिंग बघा, खेड्यात बोर्डला तीन पिनचं सॉकेट असतं पण मागे अर्थिंगची वायरच नसते असं पुष्कळ ठिकाणी आहे. वायरमनकडून करून घ्या, गिटार आणि माइक दोन्ही वापरणाऱ्याच्या तर जिवाचा प्रश्न आहे हा.

प्रश्न: ओरिजिनल जेआरसी ४५५८ डी आयसीसाठी मुंबईच्या लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून पार्सल मागवू का?

उत्तर: नको. साधी ४५५८ अ‍ॅम्प्लिफायरच्या टोन बोर्डात वर्षानुवर्षं लागते, जवळच्या मेकॅनिकला विचारा. तिच्यात आणि जेआरसीत जेवढा फरक ऐकू येईल त्यापेक्षा कितीतरी जास्त फरक वर सांगितलेल्या एका ४७३ ने पडतो. मात्र आयसी बोर्डवर थेट सोल्डर करू नका, ८ पिनचा बेस लावा. टीएल ०७२ या दुसऱ्या आयसीची पिनरचना तीच आहे, पुढे कधी वाटलं तर बेसमध्ये बदलून ऐकता येईल.