इसिस दोघांनाही नको होती, मग?

(वाचकांचे प्रश्न, निवृत्त कर्नलची उत्तरे)

प्रश्न : सीरियात अमेरिका आणि रशिया दोघेही इसिसवर बॉम्ब टाकत होते. शत्रू एकच होता, तर दोघांनी मिळून लढायला काय हरकत होती? अशा वेळी तरी आपापसातलं वैर बाजूला ठेवायला नको का?
– एक वाचक, मिरज

उत्तर : ‘शत्रू एकच होता’ हेच मला मान्य नाही. सगळा घोळ तिथे आहे.

३० सप्टेंबर २०१५ला रशियाने सीरियात हवाई हल्ले सुरू केले. तासभर आधी एक रशियन जनरल बगदादच्या अमेरिकन वकिलातीत गेला आणि ‘आमची विमानं येताहेत, तुमची दूर ठेवा’ असं सांगून आला. झाली पूर्वसूचना! बॉम्ब पडले ते होम्स आणि हमाच्या भागात. इसिसचं ठाणं रक्का, म्हणजे तिथून बरंच लांब, ईशान्येला. होम्सजवळ होते सीरियाचे तेव्हाचे अध्यक्ष असद यांच्याविरुद्ध लढणारे बंडखोर, आणि बंडखोरांतल्या काही गटांना खुद्द अमेरिकेची मदत होती. मॉस्कोला असद टिकवायचा होता, वॉशिंग्टनला तो जायला हवा होता. इसिस दोघांच्याही यादीत होती, पण रशियाच्या यादीत तिचा नंबर पहिला नव्हता.

तरीही तीन आठवड्यांत, २० ऑक्टोबरला, दोघांनी एका कागदावर सह्या केल्या. विषय एवढाच, की विमानं एकमेकांच्या अंगावर येऊ नयेत. अमेरिकेचा कतारमधला अल उदैद तळ आणि रशियाचा लताकियाजवळचा ह्मेमीम तळ यांच्यात फोनची सोय झाली. कोणाला मारायचं, असदचं काय करायचं, यावर अवाक्षर नाही. मला हा करार फार आवडतो. त्यात कोणावर विश्वास ठेवावा लागत नाही. पुढच्याच महिन्यात तुर्कस्तानने रशियाचं एक विमान पाडलं, आकाशात दाटी होतीच. पण अमेरिकन आणि रशियन वैमानिकांनी सीरियावर एकमेकांचं विमान कधी पाडलं नाही.

असं सहकार्य मी जवळून पाहिलंय. युद्ध पेटण्याच्या काही वर्षं आधी मी गोलानमध्ये राष्ट्रसंघाच्या शांतिसेनेत होतो. आपल्या तुकडीकडे रसदीचं काम. एक तळ इस्रायलच्या बाजूला, दुसरा सीरियाच्या, मध्ये निर्लष्करी पट्टा आणि कुनैत्राचं फाटक. हे दोन देश १९४८पासून कागदोपत्री युद्धात आहेत, तेव्हा एकमेकांशी बोलत नव्हते, पण दोघेही आमच्याशी बोलायचे. दर पंधरवड्याला आमचे निरीक्षक दोन्हीकडचे रणगाडे आणि तोफा मोजायचे, ठरल्यापेक्षा जास्त असल्या तर नोंद व्हायची. त्याच फाटकातून गोलानमधल्या द्रुझ (तिकडचा एक अल्पसंख्य धर्मपंथ) शेतकऱ्यांची सफरचंदं रेड क्रॉसच्या मदतीने दमास्कसच्या बाजारात जायची. हजारो टन! कोणी कोणाला मित्र म्हणत नव्हतं, पण काम चालायचं, कारण काय करायचं आणि काय नाही हे १९७४च्या करारात नेमकं लिहिलेलं होतं. (आमची मोठी डोकेदुखी म्हणजे बर्फात अडकणारे ट्रक. पुढे ऑगस्ट २०१४मध्ये त्याच पट्ट्यात नुसरा फ्रंटने, म्हणजे अल-कायदाच्या सीरियातल्या शाखेने, फिजीचे ४५ शांतिसैनिक पळवले. दोन आठवड्यांनी सुटले बिचारे.)

आता तुम्ही म्हणता तसं ‘मिळून लढणं’. तेही करून बघितलं गेलं. ९ सप्टेंबर २०१६ला जिनिव्हात अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री जॉन केरी आणि रशियाचे सर्गेई लावरोव्ह यांनी जाहीर केलं, की आधी शस्त्रसंधी, सात दिवस तो टिकला आणि मदत पोचली की संयुक्त केंद्र उघडायचं, नकाशे समोर ठेवायचे आणि इसिस व नुसरावर ठरवून हल्ले करायचे. कागदावर झकास. पण नुसराचे लोक अलेप्पोत आणि इदलिबमध्ये बाकीच्या बंडखोरांत मिसळलेले होते. एकाच गल्लीत दोघांच्या चौक्या. त्यांना वेगळं काढायची जबाबदारी अमेरिकेवर आली, आणि ते तिच्या हातात नव्हतं. अमेरिकेच्या लष्करालाही हे पटलेलं नव्हतं. आपली लक्ष्यं रशियाला दाखवायची, तीही त्याने युक्रेनचा क्रिमिया गिळल्यावर अडीच वर्षांत?

सात दिवस पुरे व्हायच्या आतच सगळं फिसकटलं. १७ तारखेला अमेरिकी आघाडीच्या विमानांनी देर एझ-झोरला इसिस समजून सीरियन लष्करावरच बॉम्ब टाकले. रशियाने मृतांचा आकडा ६२ सांगितला. त्या दिवशी ह्मेमीमहून फोन आला होता. नेहमीचा अमेरिकन अधिकारी जागेवर नव्हता, म्हणून रशियन अधिकारी त्याची वाट बघत थांबला. २७ मिनिटं गेली आणि तेवढा वेळ बॉम्ब पडत राहिले. १९ तारखेला अलेप्पोजवळ मदतीच्या ३१ ट्रकांच्या ताफ्यावर हल्ला झाला. ३ ऑक्टोबरला अमेरिकेने बोलणी थांबवली.

म्हणून माझं उत्तर असं : प्रतिस्पर्ध्यांनी एकमेकांच्या वाटेत येऊ नये एवढं जरूर ठरवावं, मदतीचे रस्ते ठरवावेत, मोजता येईल अशी कामं वाटून घ्यावीत. एकत्र बॉम्बफेक मात्र नको, जोवर लढाईनंतर गादीवर कोण बसणार हे ठरत नाही. शेवटी इसिसचा मुलूख गेला तोही वेगवेगळ्या लढायांत. २०१७मध्ये युफ्रेटिस नदी ही सीमा धरली गेली. पूर्वेकडे अमेरिका आणि कुर्द, पश्चिमेकडे रशिया आणि असद.

प्रश्न : २०१४मध्ये आमच्या गावातले चार तरुण यात्रेच्या नावाखाली इराकला जाऊन इसिसला मिळाले. अशांची माहिती तरी वैरी देशांनी एकमेकांना द्यावी ना?
– एक वाचक, कल्याण

उत्तर : द्यावी, आणि देतातही. डिसेंबर २०१७मध्ये सीआयएने कळवल्यामुळे सेंट पीटर्सबर्गमधला हल्ल्याचा कट उधळला गेला, आणि पुतिन यांनी ट्रम्पना फोन करून आभार मानले. घेणाऱ्याची तयारी मात्र हवी. मार्च २०२४मध्ये मॉस्कोतल्या अमेरिकन वकिलातीने गर्दीच्या ठिकाणी हल्ल्याचा इशारा दिला होता. पुतिन यांनी त्याला ब्लॅकमेल म्हटलं. तीनच दिवसांत क्रोकस सिटी हॉलमध्ये हल्ला झाला, १४०हून अधिक माणसं गेली. जबाबदारी इसिसने घेतली.

प्रश्न : ज्या नुसराला मारायला दोघे एकत्र येणार होते, तिचाच म्होरक्या आज सीरियाचा अध्यक्ष आहे. मग तो करार फसला ते बरंच झालं ना?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : नाही. करार टिकता तर वेढ्यात अडकलेल्या पूर्व अलेप्पोत निदान पीठ आणि औषधं पोचली असती. बाकी तुमचा टोला बरोबर आहे. अहमद अल-शरा यांच्यावर अमेरिकेने एक कोटी डॉलरचं बक्षीस लावलं होतं. ८ डिसेंबर २०२४ला असद मॉस्कोला पळाले, त्याच महिन्यात बक्षीस रद्द झालं. ऑक्टोबर २०२५मध्ये शरा क्रेमलिनमध्ये होते, नोव्हेंबरमध्ये व्हाइट हाउसमध्ये. त्यांचं सरकार आता इसिसविरोधी आघाडीत आहे. हे गृहस्थ खरंच बदलले का, याचं उत्तर वॉशिंग्टन आणि मॉस्को एक देतील, आणि त्यांच्या राजवटीत जुलै २०२५ची कत्तल पाहिलेले दक्षिण सीरियातल्या सुवेदाचे द्रुझ दुसरंच देतील.